तीन खिळ्यांची भोकं: गेम आर्ट शिकवणाऱ्या पुण्यातल्या संस्थांना खुलं पत्र

प्रति,
पुणे आणि पिंपरी-चिंचवडमध्ये ॲनिमेशन, व्हीएफएक्स आणि गेम आर्टचे अभ्यासक्रम चालवणाऱ्या संस्थांचे संचालक व शिक्षक यांना,

सप्रेम नमस्कार.

गेल्या जानेवारीत तुमच्यापैकी एका संस्थेने वार्षिक शोरील स्पर्धेला, म्हणजे विद्यार्थ्यांच्या कामाचे नमुने दाखवणाऱ्या छोट्या चित्रफितींच्या स्पर्धेला, परीक्षक म्हणून मला बोलावलं होतं. एरंडवण्यातलं सभागृह भरून गेलं होतं, पालक मागे भिंतीला टेकून उभे होते. अकरावी रील सुरू झाली आणि पडद्यावर एका वाड्याचा चौक आला. तिन्हीसांजेचा उजेड, मधोमध तुळशीवृंदावन, चारही बाजूंना सुरूच्या घाटाचे सागवानी खांब. कॅमेरा तिसऱ्या खांबाजवळून सरकला आणि मी खुर्चीत ताठ झाले. खांबाच्या माथ्याशी, केळफुलाच्या नक्षीच्या जरा खाली, एका ओळीत तीन बारीक भोकं होती.

ती भोकं मी पाडलेली आहेत.

मी अकरा वर्षं गेमसाठी एन्व्हायर्नमेंट आर्टिस्ट म्हणून काम करते, म्हणजे खेळातल्या जागा आणि इमारती घडवते. आमच्या स्टुडिओकडे एका युरोपीय कंपनीच्या खेळाचं काम होतं, त्यात 1790 च्या सुमाराचा एक वाडा उभा करायचा होता. मी विश्रामबागवाड्यात तीन सकाळी घालवल्या, पेठांतले उरलेसुरले वाडे पालथे घातले आणि शेवटी आजोळच्या वाड्याचे जुने फोटो मामाकडून मागून आणले. कसब्यातला तो वाडा 2009 मध्ये पाडला, आता तिथे सहा मजली इमारत आहे. फोटोत खांबावर जे जे दिसलं ते सगळं मी मॉडेलमध्ये उतरवलं, ही तीन भोकंसुद्धा. ती होती विजेच्या वायरिंगच्या लाकडी पट्टीच्या खिळ्यांची. आमच्या लीडने ती पाहिल्यावर सांगितलं की या काळात वीज नाही, भोकं काढ. आठव्या आवृत्तीत मी ती बुजवली. म्हणजे भोकं असलेला खांब फक्त सातव्या आवृत्तीत आहे. आणि सातवी आवृत्ती स्टुडिओच्या आत एकाच फोल्डरमध्ये होती, आमच्याकडे इंटर्न म्हणून आलेल्या तीन मुलांच्या फोल्डरमध्ये. त्या मुलांना त्यावर एलओडी करायला शिकवत होतो, म्हणजे खेळाडू लांब असताना दाखवायच्या कमी पॉलिगॉनच्या हलक्या आवृत्त्या.

मध्यंतरात मी आयोजकांच्या कानावर हे घातलं. त्या रीलला पहिलं बक्षीस मिळालं. स्टुडिओने संस्थेला लेखी तक्रार केली. तीन आठवड्यांनी दोन ओळींचं उत्तर आलं: बक्षीस कायम राहील, आणि शैक्षणिक वापराला कायद्यात मुभा आहे. जूनमध्ये प्रवेशाच्या जाहिराती लागल्या तेव्हा कर्वे रस्त्यावरच्या फलकावर तोच चौक होता. तिसरा खांब अगदी पुढे.

त्या फलकाखालून मी रोज जाते. म्हणून हे पत्र. ज्या कंपनीचा खेळ होता तिने फक्त या खांबाबद्दल जाहीर बोलायची मला लेखी परवानगी दिली आहे. खेळाचं, कंपनीचं, स्टुडिओचं आणि त्या संस्थेचं नाव मी लिहिणार नाही. एका संस्थेची बदनामी करून काही सुटणार नाही, कारण हाच प्रकार कमीअधिक प्रमाणात मी या शहरातल्या अनेक क्लासमध्ये पाहिला आहे. मी स्वतःही अशाच एका क्लासमधून शिकून बाहेर पडले.

खांब स्टुडिओतून पडद्यापर्यंत कसा गेला, ते आम्ही मागमूस काढत शोधलं. ते सविस्तर सांगते, कारण त्यात कुठेही हॅकर नाही.

तिघांपैकी एका इंटर्नने फोल्डर पोर्टेबल हार्ड डिस्कवर घेतला. घरी सराव करायला. इथपर्यंत त्याच्या मनात काही वाईट नव्हतं, तरी नियम मोडलेला होता. त्याच्या क्लासमध्ये एक सामाईक ड्राइव्ह आहे, त्याला सगळे 'लायब्ररी' म्हणतात. ती बॅचमागून बॅच वाढत गेली आहे. क्रॅक केलेली सॉफ्टवेअर, प्रसिद्ध खेळांच्या फाइलमधून उपसून काढलेली, म्हणजे 'रिप' केलेली पात्रं, कुणीतरी एकदा विकत घेतलेले आणि मग सगळ्यांनी वाटून घेतलेले पॅक, आणि इंटर्नशिपला गेलेल्या मुलांनी आणलेल्या स्टुडिओच्या फाइल. 'तिकडे जे चांगलं मिळेल ते लायब्ररीत टाकत जा, पुढच्या बॅचला उपयोगी पडेल,' असं फॅकल्टीनेच सांगितलं होतं, असं त्या मुलाने आमच्यासमोर बसून सांगितलं. मला ते खरं वाटतं, कारण माझ्या बॅचला 2012 मध्ये हेच सांगितलं गेलं होतं. त्या वेळी ड्राइव्हच्या जागी डीव्हीडी होत्या.

लायब्ररीतून आमचा खांब, चौकट, दिंडी दरवाजा आणि दोन समया कुणीतरी उचलल्या, 'मराठा वाडा पॅक' असं नाव दिलं आणि एका टेलिग्राम चॅनेलवर 399 रुपयांना विकायला ठेवल्या. यूपीआयचा क्यूआर कोड, पैसे भरल्याचा स्क्रीनशॉट पाठवायचा, लिंक येते. वर्णनात लिहिलं होतं, 'कमर्शियल वापर चालेल.' विकणाऱ्याला हा हक्क कुणी दिला, हे विचारणारं तिथे कुणी नाही. अकराव्या रीलच्या मुलाने तो पॅक तिथून विकत घेतला.

मी त्या मुलाला भेटले. बार्शीकडचा आहे, वडिलांनी शेतीवर कर्ज काढून फी भरली आहे. त्याने प्रकाशयोजना, कॅमेरा, रंग सगळं स्वतः केलं होतं आणि ते खरोखर चांगलं होतं. तो म्हणाला, 'मॅडम, पैसे देऊन घेतलेलं चोरीचं असू शकतं हे मला माहीतच नव्हतं.' अडीच वर्षांच्या अभ्यासक्रमात त्याला लायसन्स हा शब्द कुणी समजावून सांगितला नव्हता. त्या संध्याकाळी माझा त्याच्यावरचा राग गेला, तो तुमच्याकडे वळला.

याची किंमत कुणी मोजली तेही सांगते. करारानुसार आम्हाला गळती झाल्याचं कंपनीला कळवावं लागलं. आम्ही कळवलं. पंधरा दिवसांत उरलेलं काम आमच्याकडून काढून दुसऱ्या देशातल्या स्टुडिओला दिलं गेलं. नऊ जणांचे करार पुढे वाढवले नाहीत. त्यांच्यातल्या दोघी प्रॉप आर्टिस्ट होत्या, समया त्यांनी घडवल्या होत्या. दीड महिना आमच्यातल्या प्रत्येकाचा कॉम्प्युटर तपासला गेला, आम्ही एकमेकांकडे संशयाने पाहू लागलो. डबा एकत्र खाणारी माणसं आपापल्या टेबलावर खाऊ लागली.

आता माझ्या तक्रारी.

पहिली तक्रार 'त्यांचं काय जातं' या वाक्याबद्दल. हे वाक्य मी तुमच्या वर्गांत वारंवार ऐकलं आहे. कंपन्या अब्जावधीच्या आहेत, एक मॉडेल गेलं तर काय बिघडतं, असा त्याचा सूर असतो. मोठ्या कंपन्यांच्या बातम्या मुलांनी वाचलेल्या असतात आणि त्या थरारकथेसारख्या सांगितल्या जातात. सप्टेंबर 2022 मध्ये जीटीए या खेळाच्या पुढच्या भागाच्या कच्च्या कामाच्या सुमारे 90 चित्रफिती बाहेर आल्या, त्याची चर्चा होते. तो बनवणाऱ्या रॉकस्टार कंपनीने ब्रिटनमधल्या न्यायालयाला सांगितलं की सावरायला 50 लाख डॉलर आणि कर्मचाऱ्यांचे हजारो तास गेले, त्याची चर्चा होत नाही. ते तास माणसांचे होते. डिसेंबर 2023 मध्ये इन्सोम्नियॅक गेम्स या कंपनीच्या 13 लाखांहून जास्त फाइल बाहेर टाकल्या गेल्या, कारण मागितलेली 50 बिटकॉइनची खंडणी मिळाली नाही. त्या ढिगाऱ्यात व्हॉल्व्हरिनच्या अपुऱ्या खेळाबरोबर कर्मचाऱ्यांच्या पासपोर्टच्या प्रतीही होत्या. ऑक्टोबर 2024 मध्ये पोकेमॉनचे खेळ बनवणाऱ्या गेम फ्रीकने मान्य केलं की तिच्या आजीमाजी कर्मचाऱ्यांची माहिती गेली आहे. मॉडेल घडवणारा आणि ज्याचा पासपोर्ट गेला तो, ही एकच माणसं आहेत. उद्या तुमचे विद्यार्थी त्या जागी असणार आहेत.

आणखी एक गोष्ट या बातम्यांमधून कळते, ती मुलांना सांगितली जात नाही. जून 2021 मध्ये इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या गेम कंपनीचा 780 जीबी डेटा गेला, फिफा 21 या खेळाचा सोर्स कोड, म्हणजे मूळ प्रोग्रॅमही त्यात होता. आत शिरण्यासाठी चोरांनी 10 डॉलरला विकत घेतलेल्या लॉगिनच्या कुकीज (ब्राउझरमध्ये साठलेल्या लॉगिनच्या खुणा) वापरल्या आणि मग आयटी विभागातल्या माणसाला फोन हरवल्याची थाप मारून पुढची परवानगी मिळवली. त्याच वर्षी फेब्रुवारीत सीडी प्रोजेक्ट या दुसऱ्या गेम कंपनीचा चोरलेला सोर्स कोड लिलावात ठेवला गेला, बोली 10 लाख डॉलरपासून. म्हणजे चोरीच्या फाइलला बाजार आहे, दलाल आहेत, भाव आहेत. आमचा 399 रुपयांचा पॅक त्याच बाजाराच्या अगदी खालच्या पायरीवरचा आहे. बाजार गिऱ्हाइकामुळे टिकतो आणि पुण्यातलं ठरलेलं गिऱ्हाईक म्हणजे रील पूर्ण करायची घाई असलेला विद्यार्थी.

अपुरं काम बाहेर जाणं आम्हाला का लागतं, हेही समजून घ्या. 2003 मध्ये हाफ-लाइफ 2 चा सोर्स कोड आणि अर्धवट खेळ चोरीला गेला. खेळ नीट तयार होऊन आला तो नोव्हेंबर 2004 मध्ये. तोपर्यंत लोक तुटक्या तुकड्यांवरून त्याची परीक्षा करत होते. शिजत असलेल्या भाताचं झाकण दर मिनिटाला उघडलं तर तो धड शिजत नाही. माझ्या खांबाची सातवी आवृत्ती चुकीची होती. ती माझी चूक होती, मी ती दुरुस्त केली होती, आणि आज फलकावर चुकीचीच लागलेली आहे.

दुसरी तक्रार 'शैक्षणिक वापर' या ढालीबद्दल. कॉपीराइट कायदा 1957 च्या कलम 52 मध्ये शिकवण्याच्या ओघात शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने केलेल्या नकलेला सूट आहे, हे खरं. दिल्ली विद्यापीठातल्या झेरॉक्सच्या दुकानाच्या खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाने 2016 मध्ये या सवलतीचा उदार अर्थ लावला, आणि मला तो निकाल मनापासून पटतो. ज्याला पुस्तक परवडत नाही त्याला नेमलेल्या प्रकरणाची पानं मिळाली पाहिजेत. पण तिथे प्रश्न प्रकाशित पुस्तकांतल्या अभ्यासाच्या पानांचा होता. आमचा खांब कुठेही प्रकाशित झालेला नव्हता. तो विश्वासाने हाती दिलेल्या फोल्डरमधून गेला, पैसे घेऊन विकला गेला, स्पर्धेत उतरला, इंटरनेटवर चढला आणि प्रवेशाच्या जाहिरातीत लागला. यातली कुठली पायरी 'शिकवण्याचा ओघ' आहे, ते तुमच्या वकिलाने मला समजावून सांगावं, मी ऐकायला येईन.

त्याच कायद्याच्या कलम 63 मध्ये जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनाला सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि 50 हजार ते 2 लाख रुपये दंड आहे. मे 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र असल्याचं स्पष्ट केलं. माहिती तंत्रज्ञान कायदा 2000 च्या कलम 43 आणि 66 खाली, परवानगीशिवाय आणि अप्रामाणिक हेतूने कॉम्प्युटरमधला डेटा उतरवून घेतला तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा 5 लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. 'टेलिग्रामवर कोण विकतंय ते कळतच नाही,' हा समजही सोडून द्या. शिकवणीच्या नोट्स आणि व्हिडिओ चोरून विकणाऱ्या चॅनेलांच्या खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाने 2022 मध्ये टेलिग्रामला चॅनेल चालवणाऱ्यांची माहिती द्यायला लावली होती आणि टेलिग्रामने ती दिली.

हे कलमांचे आकडे मी कुणाला धमकावायला लिहीत नाही. उद्या कुणी खरंच पोलिसांत गेलं, तर सापडणार कोण? लायब्ररी चालवणारी संस्था की हार्ड डिस्क नेलेला वीस वर्षांचा इंटर्न? करारावर सही त्याची असते. आपल्याकडे व्यापारी गुपितांसाठी वेगळा कायदा नाही. विधी आयोगाने मार्च 2024 च्या आपल्या 289 व्या अहवालात तो करावा अशी शिफारस केली आहे. तोवर अशा गोष्टींत मुख्य भार करारावर येतो, आणि तो करार त्या मुलाला कुणी वाचून दाखवलेला नसतो. तुम्ही त्याला 'टाकत जा लायब्ररीत' म्हणता आणि जोखीम त्याच्या डोक्यावर राहते. माझी सगळ्यात मोठी तक्रार हीच आहे.

तिसरी तक्रार छोटी आहे. रिप केलेलं पात्र आणि गूगलवरून उचललेलं टेक्श्चर (मॉडेलवर चढवायचं पृष्ठभागाचं चित्र) यांना तुमच्याकडे 'रेफरन्स' म्हणतात. रेफरन्स म्हणजे बघून आपल्या हाताने करणं. एका अमेरिकन छायाचित्रकार बाईंनी डिझायनर मंडळींसाठी पृष्ठभागांच्या फोटोंचं पुस्तक केलं होतं, सोबत सीडी होती. 2020 मध्ये कॅपकॉम या जपानी गेम कंपनीवर सायबर हल्ला होऊन फाइल बाहेर आल्या, तेव्हा त्यांच्या सीडीवरच्या एका फोटोचं आणि कंपनीच्या फाइलचं नाव एकच असल्याचं दिसलं. जून 2021 मध्ये त्यांनी दावा लावला. किमान 80 फोटो विनापरवाना वापरल्याचं त्यांचं म्हणणं होतं, आणि त्यात रेझिडेंट ईव्हिल 4 च्या नावामागच्या फुटक्या काचेचा फोटोही होता. 2022 मध्ये तडजोड झाली. हा दाखला मी मुद्दाम देते. एकट्या बाईच्या फोटोचा हक्क मोठ्या कंपनीलाही तुडवता येत नाही. जो कायदा कंपनीला लागू आहे तोच तुमच्या विद्यार्थ्याला, आणि उद्या त्याचं काम कुणी उचललं तर तोच कायदा त्याच्या बाजूने उभा राहील. हे त्याला आजच कळायला हवं.

इथे स्टुडिओचालकांनाही दोन शब्द सांगणं भाग आहे, त्यात माझे मालकही आले. इंटर्नना आपण महिनोन्महिने बिनपगारी राबवतो. शेवटी हातात एक प्रमाणपत्र देतो आणि केलेलं काम रीलमध्ये दाखवायची बंदी घालतो. ती बंदी खेळ येईपर्यंत, कधी तीन-चार वर्षं चालते. खेळ रद्द झाला तर कायमची. नोकरीच्या मुलाखतीत रील नसेल तर कुणी आत घेत नाही. पगार नाही, निदान फाइल तरी, असं हार्ड डिस्क नेलेल्या त्या इंटर्नने मला सांगितलं तेव्हा मी गप्प बसले, कारण त्याला द्यायला माझ्याकडे उत्तर नव्हतं. कायद्याने नोकरीत केलेल्या कामाचा पहिला मालक नोकरी देणारी कंपनी असते. पण कलम 57 नुसार 'हे मी केलं' असं सांगायचा हक्क करणाऱ्याकडेच राहतो. तो हक्क आपण करारांच्या जाडीखाली पुरून टाकला आहे. शिवाय तीन इंटर्नना एकच फाइल देताना प्रत्येक प्रतीत एखादी लपलेली खूण ठेवणं आम्हाला सुचलं नव्हतं. या वेळी भोकं माझ्या चुकीने होती म्हणून माग लागला.

राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर 2025 मध्ये ॲनिमेशन, व्हीएफएक्स, गेमिंग आणि कॉमिक्ससाठी 3,268 कोटी रुपयांचं धोरण मंजूर केलं आहे. तुमच्या माहितीपत्रकांत त्याचा उल्लेख आता ठळक दिसतो. पुण्यात युबिसॉफ्टचा स्टुडिओ 2008 पासून आहे. नॉडिंग हेड्सने इथूनच 2020 मध्ये 'राजी' जगापुढे आणला, सुपरगेमिंगने 2024 मध्ये 'इंडस' आणला. काम यायला लागलं आहे. ते टिकणार ते विश्वासावर. परदेशातली कंपनी आपल्या न आलेल्या खेळाच्या फाइल सात समुद्रापलीकडे पाठवते, तेव्हा तिला पुण्यातल्या माणसांवर भरवसा ठेवावा लागतो. आमचं काम गेलं तेव्हा त्यांच्या पत्रात एक ओळ होती: यापुढे प्रशिक्षणार्थी असलेल्या स्टुडिओंना काम देणार नाही. म्हणजे दार बंद झालं ते तुमच्याच पुढच्या बॅचसाठी.

मागण्या साध्या आहेत.

तुमच्या संस्थेची 'लायब्ररी' या सत्राच्या शेवटापर्यंत पुसून टाका. 'बघू, चाळू, ठेवण्याजोगं ठेवू' असं नको. जिथे प्रत्येक फाइलचा स्रोत आणि लायसन्स लिहून ठेवलेलं आहे तेवढंच राहू द्या, बाकी सगळं जाऊ द्या. आणि स्टुडिओतून आणलेली एकही फाइल वर्गात उघडणार नाही, हे लेखी जाहीर करा.

पहिल्याच महिन्यात लायसन्सवर किमान चार तास शिकवा. सीसी झिरो म्हणजे काय, श्रेय देण्याची अट म्हणजे काय, फॅब किंवा युनिटीचं असेट स्टोअर अशा ऑनलाइन दुकानांतून विकत घेतलेला पॅक मित्राला का देता येत नाही, करार कसा वाचायचा. इंटर्नशिपला जाण्याआधी प्रत्येक मुलाबरोबर त्याचा करार मराठीत बसून वाचा. शिक्षकांना वेळ नसेल तर मी आणि माझ्या चार सहकारी येऊ, मानधन नको.

स्पर्धेत आणि प्लेसमेंटच्या रीलमध्ये शेवटच्या पाटीवर असेटची, म्हणजे वापरलेल्या मॉडेल-टेक्श्चरची, यादी सक्तीची करा: हे मी घडवलं, हे अमुक ठिकाणाहून अमुक लायसन्सवर घेतलं. दुसऱ्याचा खांब घेऊन स्वतःचा प्रकाश दाखवण्यात कमीपणा काहीच नाही. प्रकाशयोजना हे स्वतंत्र काम आहे, त्याची वेगळी नोकरी असते. बार्शीच्या त्या मुलाने पॉली हेवनवरचं फुकट मॉडेल घेऊन तोच उजेड पाडला असता तरी मी त्याला पैकीच्या पैकी गुण दिले असते.

यातून चौथी मागणी येते, आणि तिच्यावर माझा सगळ्यात जास्त जीव आहे. चोरीची लायब्ररी गेल्यावर मुलांनी काय वापरायचं, हा प्रश्न रास्त आहे. पॉली हेवन, अँबिएंट सीजी, केनी यांच्याकडचं काम सीसी झिरोखाली आहे, म्हणजे कसंही वापरा. ब्लेंडर हे मॉडेल घडवायचं सॉफ्टवेअर फुकट आहे. पण तिथे तुम्हाला दिंडी दरवाजा सापडायचा नाही, पाटा-वरवंटा, फिरकीचा तांब्या, बैलगाडीचं जू सापडायचं नाही. म्हणून तर मुलं 'मराठा वाडा पॅक' शोधत टेलिग्रामवर जातात. तो पॅक आपण का बनवू नये? मुलांना फोटोग्रामेट्री शिकवा. एका वस्तूभोवती फिरत, प्रत्येक फोटोत आधीच्या फोटोचा साठ-सत्तर टक्के भाग येईल असे शंभर-दीडशे फोटो काढायचे, ढगाळ दिवशी, म्हणजे सावल्या कडक पडत नाहीत. मेशरूम हे मोफत सॉफ्टवेअर त्यातून मॉडेल उभं करतं, पुढची स्वच्छता हाताने करायची, आणि खरं शिक्षण तिथेच होतं. विश्रामबागवाडा, केळकर संग्रहालय अशा ठिकाणी रीतसर परवानगी मागा, संस्थेच्या लेटरहेडवर मागितली तर एकट्या विद्यार्थ्यापेक्षा तुमचं ऐकलं जाईल. घराघरांत पडलेली भांडी, जाती, दिवे यांना तर घरच्यांचीच परवानगी पुरते. दर बॅचने पन्नास वस्तू केल्या, त्यावर करणाऱ्याचं नाव घातलं आणि खुल्या लायसन्सवर ठेवल्या, तर तीन वर्षांत या शहराकडे स्वतःची लायब्ररी असेल आणि प्रत्येक मुलाकडे लाज न वाटता दाखवता येईल असं काम असेल.

स्टुडिओचालकांकडे दोनच मागण्या. इंटर्नला पगार द्या. आणि रीलमध्ये दाखवायला चालेल असं एक तरी काम त्याच्याकडून करून घ्या, ज्यावर कुठल्याही क्लायंटचा हक्क नसेल आणि तसं लेखी दिलेलं असेल. आमच्या स्टुडिओने ऑगस्टपासून हे सुरू केलं आहे. तीन मुलांना पगार सुरू झाला.

त्या एका संस्थेला वेगळं सांगते, तुम्ही स्वतःला ओळखाल. फलक उतरवा. त्या मुलाचं बक्षीस काढून घेऊ नका, त्याने ज्या गोष्टीचं श्रेय घ्यायला हवं त्या प्रकाशयोजनेचं ते करा आणि तसं जाहीर करा. आमच्या दोन प्रॉप आर्टिस्टना पत्र लिहून दिलगिरी व्यक्त करा. त्या अजून काम शोधत आहेत.

नोव्हेंबरच्या पंधरा तारखेपर्यंत ज्या संस्था लायब्ररी बंद केल्याचं लेखी जाहीर करतील, त्यांच्याकडे मी आधी येईन. शनिवारच्या सकाळी मी मोकळी असते. कसब्यातल्या वाड्याचे एकवीस फोटो माझ्याकडे आहेत, चौकाचे, जिन्याचे, माजघराच्या कोनाड्यांचे. मामाची परवानगी मी घेतली आहे. ते मुलांना वापरायला देते. खांब त्यांनी स्वतः घडवावा, खिळ्यांची भोकं ठेवावी की बुजवावी हेही त्यांनीच ठरवावं.

आपली,
तुमच्याच एका जुन्या बॅचची विद्यार्थिनी
कोथरूड, पुणे